माळरानावरील नवलाच्या मालगाड्या

मालगाडी ही मुद्दाम पाहायला जाण्याची वस्तू आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. फाटक बंद असले म्हणजे माणूस नाइलाजाने तिच्या वाघिणी मोजतो, मोजता मोजता कंटाळतो आणि फाटक उघडताच तिला विसरून आपल्या वाटेला लागतो. परंतु कॅनडाच्या मध्यभागी पसरलेल्या प्रेअरी नावाच्या सपाट प्रदेशात केवळ मालगाडीचे छायाचित्र घेण्यासाठी पहाटे उठून शंभर-शंभर मैल जाणारी माणसे आहेत. शून्याखाली तीस अंशांच्या थंडीत ती रस्त्याच्या कडेला उभी राहतात. गाडी येते, दोन-तीन मिनिटांत निघून जाते, आणि एवढ्या खटाटोपानंतर हाती लागते एखादे चित्र. त्यातही जी गाडी रोजची नाही, जिच्यावर काही नवलाचा माल लादलेला आहे, तिच्यासाठी तर ही मंडळी दिवसच्या दिवस तिष्ठत बसतात. या छंदाचे प्रथम हसू येते. पण चार-पाच दशकांतील अशी छायाचित्रे एकापुढे एक मांडून पाहिली म्हणजे हसू ओसरते. एका विस्तीर्ण प्रदेशाने काय पिकवले, काय विकले, कशाची भीती बाळगली आणि काय गमावले, याचा एक सलग हिशेब त्या चित्रांतून पुढे येऊ लागतो.

प्रेअरी म्हणजे गवताळ माळरान. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांचा दक्षिण भाग या माळाने व्यापलेला आहे. आणि सरहद्द ओलांडली तरी तो संपत नाही. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस या राज्यांतून तो थेट टेक्ससच्या उत्तर भागापर्यंत उतरत जातो. सस्कॅचेवानमध्ये उभे राहिले तर चोहोबाजूंना क्षितिजाची रेषा दिसते, आणि तिच्या वर अफाट आकाश. जमिनीची मोजणी करताना सरकारने एक-एक मैलाचे चौकोन आखले आणि त्यांच्या कडांनी एक-दोन मैलांच्या अंतरावर सरळ रस्ते सोडले. या चौकटीच्या पटावरून लोहमार्ग गेलेला आहे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ १८८२ साली रेजायना येथे पोहोचले, १८८३ च्या ऑगस्टमध्ये कॅलगरीला, आणि ७ नोव्हेंबर १८८५ रोजी ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत क्रेगेलाची येथे शेवटचा खिळा ठोकला जाऊन महासागरापासून महासागरापर्यंतचा मार्ग पुरा झाला.

त्या शेवटच्या खिळ्याचे छायाचित्र अलेक्झांडर रॉस या छायाचित्रकाराने घेतले. कॅनडात ते शाळकरी मुलांच्याही परिचयाचे आहे. रेल्वेचे भागधारक डॉनल्ड स्मिथ हातोडा घेऊन वाकले आहेत आणि भोवती दाढीवाल्या प्रतिष्ठितांची दाटी आहे. ज्या हजारो चिनी मजुरांनी त्या डोंगरांतील बोगदे आणि भराव केले, त्यांपैकी एकही माणूस त्या चित्रात नाही. छायाचित्र खोटे सांगत नाही. परंतु चौकटीबाहेर काय राहिले, तेही सांगत नाही. रेल्वेच्या छायाचित्रणाचा विचार करताना ही गोष्ट मनाशी ठेवणे इष्ट आहे, कारण पुढे प्रेअरीवरही तिचा प्रत्यय येणार होता.

रेल्वे कंपन्यांनी पुढे स्वतःचे छायाचित्रकार नेमले. त्यांतील सर्वांत नामांकित निकोलस मोरँट. १९१० साली जन्मलेल्या या गृहस्थाने कॅनेडियन पॅसिफिकसाठी अनेक दशके छायाचित्रे काढली. रॉकी पर्वतात बो नदीकाठी लोहमार्गाला एक डौलदार वळण आहे. मोरँटने तेथून इतकी सुरेख चित्रे घेतली की त्या वळणाला आज त्याचेच नाव आहे. प्रवासी तेथे मोटार थांबवून गाडीची वाट पाहतात. प्रेअरीवर असे नाव देण्याजोगे वळण शोधूनही सापडत नाही. डोंगरात निसर्ग निम्मे चित्र काढून देतो. नदी, हिमशिखरे, देवदाराची रांग आयती मिळते. माळावर मात्र छायाचित्रकाराच्या वाट्याला येते एक आडवी रेषा आणि तिच्यावरून सरकणारी दुसरी आडवी रेषा. त्यामुळे कंपन्यांच्या भिंतीवरील चित्रांत आणि प्रवाशांच्या पुस्तिकांत पर्वतांना मान मिळाला. माळावरील मालगाडीची नोंद ठेवण्याचे काम हौशी माणसांवर येऊन पडले. त्यांत शाळामास्तर होते, शेतकरी होते, रेल्वेतच नोकरी करणारे आणि सुटीच्या दिवशीही रुळांपाशी येऊन उभे राहणारे होते.

नवलाची गाडी कोणती, हे कळण्यासाठी आधी रोजची गाडी ठाऊक असावी लागते. प्रेअरीवरील रोजची गाडी म्हणजे धान्याची. गहू, बार्ली, मोहरीच्या जातीचे कॅनोला, वाटाणा आणि मसूर घेऊन ती पश्चिमेस व्हँकूव्हर व प्रिन्स रूपर्टच्या बंदरांकडे, नाहीतर पूर्वेस सुपीरियर सरोवरावरील थंडर बेकडे जाते. पूर्वी धान्य बंद वाघिणीत, दारापाशी आतून फळ्या ठोकून, भरीत असत. १९७२ पासून कॅनडाच्या सरकारने गोल पोटाच्या, खालच्या झडपांतून धान्य सोडणाऱ्या हजारो नव्या वाघिणी विकत घेतल्या. पुढे अल्बर्टा आणि सस्कॅचेवान या प्रांतांनी प्रत्येकी हजार-हजार घेतल्या. अल्बर्टाच्या वाघिणी निळ्या होत्या, केंद्र सरकारच्या वाघिणींवर देशाचे नाव ठळक अक्षरांत होते. धान्याच्या गाडीखालोखाल पालाशाची गाडी. सस्कॅचेवानच्या भूमीखाली सुमारे एक किलोमीटर खोलीवर पालाश क्षारांचे थर आहेत. तेलाचा शोध घेताना १९४३ साली ते सापडले आणि १९६२ साली एस्टरहेझी येथून त्यांचे नियमित उत्पादन सुरू झाले. दीडशेहून अधिक वाघिणींची अशी गाडी एकसारखी, एका रंगाची दिसते. अल्बर्टातून गंधकाच्या पिवळ्या गाड्या निघतात. या सर्वांची सवय झालेल्या डोळ्यांनाच, काही निराळे दिसले की ते चटकन ओळखू येते.

निराळ्या गाड्यांची परंपराही जुनी आहे. १८८७ च्या जूनमध्ये ‘अॅबिसिनिया’ नावाची बोट पूर्वेकडील देशांतून व्हँकूव्हरला आली, तिच्यात रेशीम होते. आणि तेथून रेशीमगाड्यांचा इतिहास सुरू झाला. जपान व चीनमधील कच्चे रेशीम न्यूयॉर्कच्या बाजारात शक्य तितक्या लवकर पोहोचवावे लागे. एक तर त्याचा भाव दिवसागणिक बदले, आणि दुसरे म्हणजे वाटेतल्या प्रत्येक तासागणिक विम्याचा आकार वाढे. म्हणून थोड्याच डब्यांची, पहारेकरी असलेली, दमट हवा आत जाऊ नये अशा बंदोबस्ताची ही गाडी माळावरून अशा वेगाने जाई की उतारूंच्या गाड्याही बाजूच्या रुळावर उभ्या करून तिला वाट दिली जाई. खेड्यातील माणसांना रेशीम दृष्टीस पडत नसे. दिसे तो फक्त तिचा वेग. पुढे मंदी आली, पनामा कालव्यातून बोटींनी स्वस्त वाहतूक होऊ लागली, कृत्रिम धागा बाजारात आला, आणि १९३० नंतरच्या दशकात रेशीमगाडी नाहीशी झाली.

हिवाळ्यात आणखी एक निराळी गाडी निघते. तिच्यावर माल नसतोच. पुढे लोखंडी पाचरीसारखा बर्फनांगर आणि त्याला मागून रेटणारी इंजिने, एवढीच ती गाडी. प्रेअरीवर बर्फ पडतो त्यापेक्षा वारा तो उडवून आणतो आणि रुळांच्या कापातून साठवतो. १९४७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दहा दिवस वादळ चालले, तेव्हा सस्कॅचेवानात एक गाडी सुमारे एक किलोमीटर लांब आणि आठ मीटर खोल बर्फाखाली गाडली गेली होती. काही मार्ग वसंत ऋतूपर्यंत उघडले नाहीत. बर्फनांगर जेव्हा अशा ढिगावर आदळतो तेव्हा दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा उसळतात आणि इंजिन क्षणभर दिसेनासे होते. हे चित्र घेण्यासाठी छायाचित्रकार किती मैल गाडीच्या पुढे धावतात, याला गणती नाही. जवळ उभा राहिलेला माणूस मात्र कॅमेऱ्यासकट बर्फात पुरला जातो, कारण त्या बर्फात गोठलेली ढेकळेही असतात. अनुभवी माणूस वाऱ्याची दिशा पाहून दूर उभा राहतो.

अलीकडच्या काळातील नवल आकाराचे आहे. अल्बर्टाच्या तेलवाळूच्या कारखान्यांना लागणारी शेकडो टनांची पोलादी पात्रे कोणत्याही साध्या वाघिणीवर मावत नाहीत. त्यांच्यासाठी श्नाबेल नावाची वाघीण वापरतात. तिचे दोन अर्धे भाग असतात. माल त्या दोहोंच्या मध्ये चिमट्यात धरल्यासारखा टांगला जातो आणि स्वतःच वाघिणीचा मधला भाग बनतो. अशा वाघिणींतील सर्वांत मोठीला ३६ आस आहेत. वजन अनेक चाकांवर विभागले जावे म्हणून हा सारा प्रपंच. तिच्या मागेपुढे रिकाम्या वाघिणी आणि देखरेख करणाऱ्या माणसांचा एक डबा, एवढ्यानेच गाडी पुरी होते. ती इतकी सावकाश जाते की वाटेतल्या पुलांपाशी आणि वळणांपाशी तिला जणू पाय चाचपडत जावे लागते. पवनचक्कीची पाती नेणाऱ्या गाड्याही अशाच. एक पाते पन्नास-साठ मीटर लांब, म्हणजे एका वाघिणीवर न मावणारे. ते दोन-तीन वाघिणींवर पसरते, आणि वळण आले की त्याचे टोक बाहेर झुकते. सरहद्दीच्या दक्षिणेस, कॅन्ससच्या माळावर, तर विमाने रुळावरून जातात. बोइंग ७३७ विमानाचा पंखांविना असलेला हिरवट सांगाडा विचिटा येथे तयार होतो आणि मालगाडीने वॉशिंग्टन राज्यातील रेंटनपर्यंत जातो. पंख तेथे बसतात. ३ जुलै २०१४ रोजी माँटाना राज्यात अशी एक गाडी घसरली आणि तीन सांगाडे क्लार्क फोर्क नदीच्या काठावर घरंगळले. त्या दिवशीची छायाचित्रे जगभर छापली गेली. विमानाचे सांगाडे गाडीने जातात ही गोष्ट बहुतेकांना त्या अपघातामुळेच प्रथम कळली. रुळांलगत कॅमेरा घेऊन उभे राहणाऱ्यांना ती कित्येक वर्षांपासून माहीत होती.

अशा गाडीचे चित्र घ्यावयाचे कसे? पहिली अडचण लांबीची. आजची धान्याची गाडी साडेआठ हजार फुटांची, म्हणजे अडीच किलोमीटरांहून लांब असते. इंजिनावर कॅमेरा रोखला तर मधे कोठेतरी असलेला नवलाचा माल चित्रात येत नाही. मालावर रोखला तर ती गाडी आहे हे कळत नाही. दुसरी अडचण उजेडाची. भर उन्हाळ्यात दुपारचे ऊन डोक्यावर येते, वाघिणींच्या कडांखाली काळ्या सावल्या पडतात आणि रुळांवरची हवा थरथरू लागते. म्हणून सकाळचा आणि संध्याकाळचा तिरपा उजेड हवा. जूनमध्ये रात्री नऊनंतरही तेथे ऊन असते, आणि डिसेंबरात सूर्य दिवसभर क्षितिजाजवळच रेंगाळतो. पण तेव्हा थंडीने बॅटरी झटपट उतरते, आणि मोटारीच्या ऊबेत कॅमेरा नेला की काचेवर दव धरते. जुन्या काळी फिल्म कडक होऊन तुटत असे. तिसरी अडचण ढगाची. तास-दोन तास वाट पाहावी, आणि गाडी समोर यावी त्याच क्षणी एकुलत्या एका ढगाची सावली तिच्यावर पडावी, हे दुःख या मंडळींत सर्वांच्या परिचयाचे आहे.

वाट पाहण्याचेही शास्त्र आहे. रुळांशेजारी ठराविक अंतरावर स्वयंचलित यंत्रे बसवलेली असतात. तापलेला आस किंवा लोंबणारा भाग ती ओळखतात आणि गाडी पुढे गेली की तिने किती आस मोजले ते यांत्रिक आवाजात रेडिओवर सांगतात. तो आकडा ऐकणाऱ्याला गाडीच्या लांबीचा अंदाज येतो. मग दूरच्या फाटकाची शिट्टी ऐकू येते, दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब. सपाट माळावर इंजिनाचा दिवा कित्येक मैलांवरून दिसतो, आणि तो इतका हळूहळू मोठा होतो की गाडी येत आहे की उभी आहे असा संभ्रम पडतो. एवढ्या अवधीत चित्राची मांडणी ठरवावी लागते. जमिनीला किती जागा द्यावी आणि आकाशाला किती? प्रेअरीच्या छायाचित्रकारांचा अनुभव असा, की आकाशाला कंजूषपणा केला तर गाडी मोठी दिसते, पण माळ नाहीसा होतो. आणि माळ नसला तर ही गाडी जगात कोठेही धावत असावी असे वाटते. रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकावयाचे नाही, सार्वजनिक रस्त्यावरूनच चित्र घ्यावयाचे, हा नियम या छंदातील जबाबदार माणसे कसोशीने पाळतात.

येथवर हा केवळ छंद झाला. परंतु एका गाडीने त्याला निराळे वळण दिले. या माळाच्या दक्षिण टोकाला, टेक्सस राज्यातील अमरिलोजवळ, पँटेक्स नावाचा कारखाना आहे. अमेरिकेची अण्वस्त्रे तेथे जुळवली जात. तेथून ती देशातील निरनिराळ्या तळांवर आगगाडीने जात असत. आतील माल तापू नये म्हणून त्या गाडीचे डबे पांढरे रंगवलेले असत, आणि तीमध्ये सशस्त्र पहाऱ्याचे डबे असत. डिसेंबर १९८२ मध्ये ती वॉशिंग्टन राज्यातील बँगर येथील पाणबुड्यांच्या तळावर आली, तेव्हा त्या तळाच्या रुळांशेजारी राहणाऱ्या जिम आणि शेली डग्लस या शांततावादी दांपत्याने तिचा माग घेण्यास आरंभ केला. वाटेवरील गावागावांतून माणसे जोडली गेली. गाडी एका गावातून निघाली की पुढच्या गावाला दूरध्वनी जाई. कोठे लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहात, कोठे प्रार्थना करीत, कोठे नुसतेच कॅमेरा घेऊन थांबत. ज्या गाडीचे अस्तित्वच सामान्य नागरिकाला सांगितले जात नव्हते, तिची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागली. त्यानंतर डब्यांचे रंग बदलण्यात आले, आणि १९८७ च्या सुमारास ही वाहतूक रुळांवरून रस्त्यावर गेली. शस्त्रे थांबली नाहीत. पण आपल्या दारावरून काय जाते हे जाणण्याचा हक्क सामान्य माणसाला आहे की नाही, हा प्रश्न त्या चित्रांनी उभा केला, आणि तो मिटलेला नाही.

त्या प्रश्नाचे भीषण उत्तर पुढे एका साध्या दिसणाऱ्या गाडीने दिले. २०१० च्या आसपास नॉर्थ डाकोटाच्या माळाखालून मोठ्या प्रमाणात खनिज तेल निघू लागले. नळ अपुरे पडले, तेव्हा तेल रुळांवरून निघाले. शंभर-शंभर काळ्या टाकी वाघिणींच्या, टोकापासून टोकापर्यंत एकाच मालाच्या गाड्या ही आरंभी नवलाचीच गोष्ट होती. छायाचित्रकारांनी त्या हौसेने टिपल्या. त्या चित्रांत प्रत्येक टाकीवर एक लाल चौकोनी पाटी दिसते आणि तीवर १२६७ हा आकडा. खनिज तेलाची ती आंतरराष्ट्रीय खूण आहे. ६ जुलै २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर अशाच ७२ टाक्यांची, नॉर्थ डाकोटातील न्यू टाउन येथे भरलेली एक गाडी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात उभी असताना उतारावरून सुटली, लाक-मेगांटिक गावाच्या मध्यभागी रुळांवरून घसरली आणि पेटली. ४७ माणसे मृत्युमुखी पडली. गाडीतील तेल कागदोपत्री दाखवले होते त्याहून अधिक ज्वालाग्राही होते, असे चौकशीत आढळले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला नॉर्थ डाकोटातच कॅसल्टन गावाजवळ धान्याची एक गाडी घसरली, आणि तिच्या आडव्या आलेल्या वाघिणीवर समोरून येणारी तेलाची गाडी आदळली. बर्फाच्छादित माळावर उठलेल्या आगीच्या लोळाची चित्रे प्रसिद्ध आहेत. तेथे सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. रोजची गाडी आणि नवलाची गाडी यांची गाठ अशी पडली. पुढे त्या जुन्या प्रकारच्या टाक्या बाद करण्यात आल्या. कॅनडात १ नोव्हेंबर २०१६ पासून त्यांतून खनिज तेल नेण्यास बंदी झाली. आज ती जुनी चित्रे पाहताना मन अस्वस्थ होते. १२६७ हा आकडा कॅमेऱ्याने स्पष्ट टिपला होता. फाटकापाशी थांबलेल्या माणसांपैकी मात्र त्याचा अर्थ जाणणारे थोडेच असतील.

तेव्हा या छायाचित्रांचे मोल त्यांतील नवलात आहे, असे म्हणावे काय? काही अंशी तसे आहे. पण त्यांचे खरे मोल बहुधा अशा ठिकाणी आहे, जिकडे छायाचित्रकाराचे लक्षही नव्हते. एखाद्या १९७५ सालच्या चित्रात कोणी मोठ्या हौसेने अवजड यंत्र नेणारी गाडी टिपलेली असते. आज ते यंत्र कोणते, हे विचारायला कोणी येत नाही. लोक चित्र हाती घेतात आणि गाडीच्या पाठीमागे पाहतात. तेथे गावाचे लाकडी धान्यकोठार उभे असते. उंच, उतरत्या छपराचे, भिंतीवर गावाचे नाव रंगवलेले. तेथील लोक त्याला एलिव्हेटर म्हणतात, कारण धान्य त्यात पट्ट्यावरील वाट्यांनी वर चढवून मग खालच्या वाघिणीत सोडतात. घोडागाडीने शेतकऱ्याला एका दिवसात धान्य घालून परत जाता यावे म्हणून दर सात-आठ मैलांवर असे कोठार आणि त्याभोवती एक गाव वसले होते. १९३० नंतरच्या दशकात साडेपाच हजारांहून अधिक कोठारे होती. आज धान्य घेणारी केंद्रे काही शेच उरली आहेत, आणि ती बहुतेक काँक्रीटची, अवाढव्य आहेत. १८९७ च्या करारापासून धान्याच्या वाहतुकीला जे स्वस्त दर मिळत होते, त्यांची परंपरा १९९५ साली संपली. फाटे तोट्यात निघाले, रूळ उखडले गेले, कोठारे पाडली गेली. कोठार पडले की टपालकचेरी गेली, मग शाळा, मग दुकान. मॅनिटोबात इंग्लिस येथे पाच लाकडी कोठारांची रांग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली आहे. इतर शेकडो गावांची आठवण गाडीमागच्या त्या धूसर आकृतीतच राहिली.

कोठारांपाठोपाठ १९९० च्या सुमारास गाडीच्या शेपटाचा गार्डाचा डबाही गेला. १९७२ नंतर आलेल्या त्या गोल पोटाच्या वाघिणी, ज्यांच्याकडे अतिपरिचयामुळे कोणी कॅमेरा वळवत नसे, त्याही आता पन्नास वर्षांची मर्यादा संपून भंगारात निघाल्या आहेत. त्यांच्या जागी आखूड, अधिक धान्य मावणाऱ्या नव्या वाघिणी आल्या. आणि आता काय घडते? त्याच निळ्या, रंग उडालेल्या वाघिणीचे चित्र मिळावे म्हणून हौशी माणसे शंभर मैल जातात. काल जी रोजची होती ती आज नवलाची झाली. मात्र सगळेच नाहीसे होते असे नाही. अल्बर्टात अलायन्स ते कॅमरोज हा फाटा बंद होणार असे दिसताच शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून २०१० साली तो विकत घेतला. बॅटल रिव्हर रेल्वे या नावाने तो चालतो. ज्या गाडीचे मालकच रुळांशेजारचे शेतकरी आहेत, तिच्याकडे ते केवळ नवल म्हणून पाहात नाहीत.

या दूरच्या माळाचा मराठी घराशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. संबंध स्वयंपाकघरापर्यंत येतो. सस्कॅचेवान विद्यापीठातील संशोधक अल स्लिंकार्ड यांनी १९७८ साली ‘लेअर्ड’ नावाचे मसुराचे वाण दिले. तोवर गव्हाखेरीज फारसे काही न जाणणाऱ्या त्या माळावर मसूर रुजला, आणि आज कॅनडा हा जगातील मसुराचा सर्वांत मोठा निर्यातदार देश आहे. ज्या वर्षी आपल्याकडे डाळी कमी पिकतात त्या वर्षी तेथला मसूर आणि पिवळा वाटाणा मुंबईसारख्या बंदरांत उतरतो. खनिज पालाश तर भारत जवळजवळ सगळाच बाहेरून आणतो. कोल्हापूर-बेळगावच्या उसाला घातलेल्या पालाशात सस्कॅचेवानच्या भूमीतला वाटा असू शकतो. म्हणजे माळावरच्या फाटकापाशी कंटाळून मोजल्या जाणाऱ्या वाघिणींपैकी एखादीतला माल समुद्र ओलांडून येथल्या ताटात किंवा शेतात येतो. त्या गाडीचे चित्र कोणी काढले नाही, तर तो कोठून आणि कसा निघाला याची खूण उरणार नाही.

या छंदात मुरलेली माणसे नवशिक्यांना एक साधी गोष्ट सांगतात. चित्र घेतल्यावर तारीख, वेळ, जवळच्या गावाचे नाव, गाडी कोणत्या दिशेला जात होती आणि वाघिणीचा क्रमांक, एवढे त्याच जागी वहीत लिहून ठेवावे. चित्र चांगले आले नाही तरी ती नोंद कामाला येते. आणि दुसरी गोष्ट अशी, की नवलाची गाडी निघून गेल्यावर लगेच कॅमेरा पिशवीत घालू नये. श्नाबेल वाघिणीला वाट देण्यासाठी बाजूच्या रुळावर तासभर थांबवून ठेवलेली धान्याची गाडी तिच्या पाठोपाठ निघते. तिच्यात काही विशेष नसते. उजेड तोवर उतरलेला असतो, हात गारठलेले असतात. तरीही जो माणूस तेथे आणखी दहा मिनिटे उभा राहतो आणि त्याही गाडीचे एक चित्र घेतो, त्याची वही पन्नास वर्षांनी कोणीतरी शोधत येते.